फाल्गुनातल्या उधाणाला: कान्हेरी ते बेलापूर, जहाजांच्या वाटेने

ठाण्याच्या खाडीत जुन्या जहाजांचा माग काढायचा तर आधी पंचांग उघडावे, नकाशा नंतर. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. त्रयोदशीला पावणेदहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. तिथून सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा हिशेब किनाऱ्यावरचा आणि अर्धा तास इकडेतिकडे होणारा आहे. खाडीत जसजसे आत जावे तसतशी भरती उशिरा लागते, म्हणून मुंबई बंदराचा छापील भरती-तक्ता सोबत हवाच.

फाल्गुन पौर्णिमा निवडण्याचे कारण असे की ती विषुवदिनाच्या आसपास येते. या दिवसांत उधाण मोठे असते आणि ओहोटी तितकीच खोल. एरवी पाण्याखाली असलेला चिखल तास-दीड तास उघडा पडतो. शिवाय शिमग्याला कोळीवाड्यांतल्या होड्या धक्क्याला असतात आणि त्यांची बांधणी जवळून पाहता येते. तारवे खोल समुद्रात वादळाने बुडतात असा सर्वसाधारण समज आहे. गाळाने भरलेल्या अशा किनाऱ्यावर मात्र खरा धोका शेवटच्या काही मैलांत असतो: खाडीचे तोंड, वळणे, वाळूचे दांडे. म्हणून शोधही तिथेच घ्यायचा.

द्वादशी: कान्हेरी आणि एकसर

सुरुवात डोंगरातून केली. ठाण्याहून घोडबंदर रस्त्याने बोरिवलीची बस, तिथून राष्ट्रीय उद्यानाच्या दारातून आत. सोमवारी लेणी बंद असतात. बहुतेक लोक तिसऱ्या क्रमांकाचा चैत्य बघून परततात, पण समुद्राचे प्रकरण आहे वर, ९० क्रमांकाच्या लेण्यात. तिथे अवलोकितेश्वराचा मोठा शिल्पपट आहे. मध्ये बोधिसत्त्व आणि दोन्ही कडांना छोट्या चौकटींत अष्टमहाभये: हत्ती, सिंह, साप, आग, चोर, बेड्या, पिशाच आणि जहाज बुडणे. प्रत्येक चौकटीत संकटात सापडलेली माणसे धावा करताना दिसतात. चौकटी लहान आहेत आणि दगड झिजला आहे. बॅटरीचा उजेड समोरून न टाकता बाजूने तिरका टाकला तरच होडीची कड आणि माणसे सुटी दिसतात.

हा पट इथे का, याचे उत्तर याच डोंगरातल्या शिलालेखांत आहे. दान देणाऱ्यांत कल्याणचे, सोपाऱ्याचे, चौलचे लोक आहेत. पाण्याची टाकी, ओटे आणि लेणी ज्या पैशातून खोदली त्यात बंदरांतल्या व्यापाऱ्यांचा मोठा वाटा होता. ज्यांचा माल पाण्यावर असे, त्यांच्यासाठी ती एक चौकट बाकी सातांपेक्षा जवळची असणार.

दुपारी बोरिवली पश्चिमेला एकसरचे वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्यांचे स्मारक-दगड, पाहिले. नेहमीच्या वीरगळावर घोडे, गायी, ढाल-तलवारी असतात, इथे काही दगडांवर जहाजांची लढाई आहे. दोन्ही टोके वर उचललेली, डोलकाठी उभी आणि कडेला वल्ह्यांची रांग. शिडाच्या जहाजाला वल्ही कशाला? खाडीत, पडलेल्या वाऱ्यात किंवा शत्रूच्या अंगावर जाताना वाऱ्याच्या भरवशावर राहून चालत नाही म्हणून. शिलाहार राजा सोमेश्वर यादव महादेवाशी झालेल्या संघर्षात समुद्रात बुडाला असे हेमाद्रीच्या प्रशस्तीत आहे, आणि काही अभ्यासक हे दगड त्याच लढाईशी, म्हणजे १२६५ च्या सुमाराशी जोडतात. दगडावर नाव कोरलेले नाही, त्यामुळे तो संबंध तर्काचाच धरावा.

त्रयोदशी: कल्याण

दुर्गाडीच्या टेकडीवरून पाण्याची रचना नीट कळते. उल्हास नदी कल्याणवरून पश्चिमेला वळते, घोडबंदरपाशी डोंगरांच्या चिमट्यातून जाते आणि वसईच्या तोंडाने समुद्राला मिळते. ठाण्याची खाडी दक्षिणेला मुंबई बंदरात उघडते. या दोन्हींना जोडणारा अरुंद पाणपट्टा ठाण्याजवळ आहे आणि त्यामुळेच साष्टी हे बेट. इराणच्या आखाताच्या तोंडावरच्या होर्मुझहून आलेल्या जहाजाला ठाण्याला दोन बाजूंनी येता येई. कल्याणला जायचे तर मात्र वसई-घोडबंदर किंवा ठाणे यांपैकी एक दार ओलांडावेच लागे. दारावर बसणाऱ्याच्या हातात कल्याणचा गळा.

पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत हेच दिसते. थोरल्या सारगन राजाच्या काळात कल्याण हे रीतसर बाजारपेठेचे बंदर होते. पुढे सत्ता बदलली, अडवणूक सुरू झाली आणि एखादे ग्रीक जहाज तिथे आलेच तर त्याला पहाऱ्यात भडोचला नेण्याची पाळी येऊ लागली. सहाव्या शतकात कॉस्मास हा ग्रीक प्रवासी पुन्हा कल्याणचे नाव मोठ्या बंदरांत घेतो. धातू, इमारती लाकूड आणि कापड तिथून बाहेर जाई. बंदर मेले नव्हते, त्याची वाट कधी बंद तर कधी उघडी होत होती.

शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली आणि इथे जहाजबांधणी सुरू केली. रुई लैतांव व्हिएगस या पोर्तुगीजाच्या हाताखाली कारागीर कामाला होते. ही जहाजे समुद्रात उतरली तर आपल्याच दारासमोरून जातील हे वसईच्या पोर्तुगीजांना कळले आणि त्यांनी आपल्या माणसांना काम सोडायला लावले. कारागीर फोडणे हा तोफेपेक्षा स्वस्त उपाय होता.

जहाजबांधणीला कल्याण सोयीचे का, हेही इथेच कळते. मागच्या डोंगरांतला साग नदीने खाली आणता येतो, उतरता काठ आहे आणि समुद्राच्या लाटा इथवर पोचत नाहीत. सागाचे मोठे वैशिष्ट्य म्हणजे त्यातल्या तेलामुळे लोखंडी खिळा सहज गंजत नाही. ओकच्या लाकडातल्या आम्लाने तोच खिळा लवकर खाल्ला जातो आणि मग जोड ढिले पडतात. मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१७ मध्ये पाण्यात उतरवलेली सागवानी ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे.

संध्याकाळी रेतीबंदराकडे फेरी. रेती काढण्याची जुनी रीत हातपाटी-डुबीची. माणूस बुडी मारून बादली भरतो, वरचा ओढून घेतो. हाताला दगड, लाकूड, मडके लागले तर त्याला ते कळते. सक्शन पंपाला काहीच कळत नाही. तो तळ खरवडून वर ओढतो आणि गाळाचे थर कायमचे मिसळून टाकतो. अशा जागी उद्या एखादे खापर सापडले तरी ते कोणत्या थरातले हे सांगायला कोणी उरत नाही. उल्हासच्या पात्रात किती गलबतांचे सांगाडे असे चुरडले गेले असतील, या विचाराने खरोखर जीव तुटतो.

चतुर्दशी: कोलशेत, गायमुख, नागले, घोडबंदर

भरती साडेदहाची, म्हणून सकाळी लवकर निघून भरतीचे पाणी आत चढताना पाहिले. कोलशेतपासून घोडबंदरपर्यंत रस्ता खाडीला धरून जातो. गायमुखच्या काठावर तासभर थांबले तर शिडाचे जहाज इथे कसे चालत असेल ते डोळ्यांनी समजते.

कोकणातल्या फत्तेमारीला, मचव्याला तिरके शीड असते. डोलकाठी पुढे कललेली आणि तिच्यावर लांबलचक परबाण, म्हणजे शीड बांधायचे तिरके लाकूड. वारा बदलला की हे परबाण डोलकाठीच्या पुढून फिरवून दुसऱ्या बाजूला न्यावे लागते. त्यासाठी जहाज वाऱ्याकडे पाठ करून मोठे वळण घेते. मोकळ्या समुद्रात हे सोपे. इथे दोन्ही बाजूंना डोंगर आहेत, वारा त्यांच्यावर आपटून दिशा बदलतो आणि वळायला जागा नाही. म्हणून खाडीत शीड दुय्यम. भरतीबरोबर आत, ओहोटीबरोबर बाहेर, पाणी पालटताना नांगर. एका भरतीत मुक्काम गाठता आला नाही तर सहा तास थांबायचे. घाई केली की जहाज वाळूवर.

रुतण्याचेही प्रकार आहेत. भरती चढत असताना रुतले तर चिंता नाही, पाणी आपणच उचलते. ओहोटीत रुतले तर पाणी निघून जाते आणि भरलेले जहाज एका कुशीवर कलंडते. मालाचे सगळे वजन फासळ्यांच्या एका बाजूला येते, फळ्यांमधले जोड उघडतात आणि पुढच्या भरतीचे पाणी जहाज उचलण्याआधी त्या फटींतून आत शिरते. सर्वांत वाईट म्हणजे उधाणाच्या माथ्यावर रुतणे. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक भरती आधीपेक्षा ठेंगणी. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी असतो तेव्हा, तर पाणी जहाजापर्यंत पोचतही नाही. पुढच्या उधाणापर्यंत पंधरवडा काढायचा, आणि तोवर माल उतरवला नाही तर तळाचा कणा, ज्याला पठाण म्हणतात, तो मध्ये वाकतो. असे जहाज पुन्हा समुद्रात नेण्याच्या लायकीचे राहत नाही. त्यातले लोखंड आणि चांगले लाकूड काढून घेत आणि बाकीचे गाळात जाई.

नागले बंदरापाशी पोर्तुगीज चौकीचे अवशेष आहेत. तिथे न रेंगाळता घोडबंदरचा किल्ला गाठावा. टेकडीवरून पाण्याचा अरुंद पट्टा थेट खाली दिसतो. हा किल्ला पोर्तुगीजांचा, १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला. नावाचा संबंध घोड्यांच्या आयातीशी सांगितला जातो. ठाण्याच्या बंदरात घोडे येत हे तर मार्को पोलोनेच लिहिले आहे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे इथल्या राजाचा चाच्यांशी करार होता: लुटीतले घोडे राजाचे, बाकीचा माल त्यांचा.

घोडे आणणे हे जहाजासाठी किती अवघड काम होते ते आकड्यांत पाहावे. घोड्याला दिवसाला २५ ते ४० लिटर पाणी लागते. चौदाव्या शतकात ओदोरिक हा फ्रान्सिस्कन पंथाचा ख्रिस्ती साधू होर्मुझहून ठाण्याला २८ दिवसांत आला. तेवढ्या प्रवासाला ३० लिटरच्या हिशेबाने एका घोड्यामागे ८४० लिटर. दहा घोडे म्हणजे साडेआठ टनांच्या आसपास नुसते पाणी. ते खाली पिंपांत असताना जहाज स्थिर. प्रवास संपत येतो तसे तळाचे वजन घटते आणि वर उभ्या घोड्यांचे तसेच राहते. म्हणजे खाडीच्या तोंडाशी, सर्वांत अवघड जागी, जहाज सर्वांत डळमळीत. यासाठी पिंपे रिकामी होतील तशी खाऱ्या पाण्याने भरणे किंवा नीरम, म्हणजे तळाला भरलेले दगड, आधीच जास्त घेणे हाच मार्ग.

पौर्णिमा: ठाणे, चेंदणी, विटावा

सकाळ शहरात. पोर्तुगीजांनी १७३० च्या दशकात बांधायला घेतलेला ठाण्याचा किल्ला आज मध्यवर्ती कारागृह आहे, त्यामुळे बाहेरूनच बघायचा. १७३७ मध्ये तो मराठ्यांकडे गेला, डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी वेढा घालून घेतला. त्या वेढ्यात त्यांच्या आरमाराचा कमोडोर जॉन वॉटसन प्राणघातक जखमी झाला.

ठाणे बंदराचे सर्वांत जिवंत वर्णन मात्र त्याआधी चारशे वर्षांचे आहे. १३२१ मध्ये होर्मुझहून कोल्लमला निघालेले काही फ्रान्सिस्कन वाऱ्याने ठाण्याला येऊन पडले. त्यांतले चौघे इथे मारले गेले. त्यांच्याबरोबर आलेला जोर्दानुस हा ख्रिस्ती साधू वाचला आणि त्याने इथल्या जहाजांविषयी लिहून ठेवले. जहाजे मोठी, पण लोखंडाशिवाय, सुईने शिवलेली. वर तख्तपोशी, म्हणजे डेक, नाही. पाणी इतके शिरते की माणसे सतत डबक्यात उभी राहून उपसत असतात. ओदोरिकही ज्या जहाजाने आला ते सुतळीने शिवलेलेच सांगतो.

शिवण कशी? फळीच्या कडेला ठरावीक अंतरावर भोके पाडायची, शेजारच्या फळीला समोरासमोर तशीच. सांध्यावर काथ्याची किंवा गवताची वळी ठेवायची आणि नारळाच्या काथ्याची दोरी त्यावरून आरपार ओढून आवळायची. मग भोके बुजवायची आणि बाहेरून तेलाचा लेप. गोऱ्या प्रवाशांना हे कच्चे काम वाटले. पण गाळात टेकणाऱ्या, किनाऱ्यावर ओढून घ्याव्या लागणाऱ्या जहाजाला हीच बांधणी मानवते, कारण शिवलेला सांधा लवतो. खिळ्याचा सांधा लवत नाही, तो फाटतो. काथ्या कुठल्याही गावात मिळतो, लोहार मिळेलच असे नाही. उणीव एवढीच की शिवण वरचेवर बदलावी लागते आणि असे जहाज जड तोफांचा धक्का सोसत नाही. इंडोनेशियात बेलितुंग बेटाजवळ १९९८ मध्ये सापडलेले नवव्या शतकातले जहाज असेच शिवलेले होते आणि त्यात सुमारे ६०,००० चिनी भांडी होती. म्हणजे ‘कच्च्या’ जहाजाने अरबस्तान ते चीन एवढा पल्ला मारला होता.

दुपारी साडेतीनला चेंदणी कोळीवाड्यावरून खाडीकडे, पलीकडे विटावा. रेल्वेचा पूल इथेच आहे. १ मे १८५४ ला गाडी या खाडीवरून कल्याणला गेली आणि पडावांचा, म्हणजे मालवाहू होड्यांचा, माल हळूहळू डब्यांत चढला. पाच वाजेपर्यंत चिखलपट्टे उघडे पडतात.

चिखलात उतरायचे काही नियम आहेत. एकट्याने जाऊ नये. स्थानिक मासेमारांना विचारल्याशिवाय तर मुळीच नाही, कारण पाय कुठे ढोपरापर्यंत जाईल आणि कुठे कमरेपर्यंत हे त्यांनाच ठाऊक असते. रुंद फळी सोबत असावी. रुतल्यावर पाय उपटण्याऐवजी फळीवर आडवे होऊन हळूहळू सुटावे. पूर्ण ओहोटीच्या अर्धा तास आधीच मागे फिरावे. पाणी एकसारखे चढत नाही. भरतीची एकूण उंची ४.८ मीटर धरली तर पहिल्या तासात ०.४, दुसऱ्यात ०.८, तिसऱ्या आणि चौथ्यात प्रत्येकी १.२ मीटर. पहिला तास फसवतो, तिसरा गाठतो.

काय पाहायचे? लाकूड दिसले की ते जहाजाचेच असते असे नाही. उभा, टोकदार, सालीसकट असलेला ओंडका बहुधा डोल जाळ्याचा खुंट किंवा जुन्या धक्क्याचा खांब. जहाजाची फासळी बाकदार असते, तिची एक बाजू फळीला बसावी म्हणून तिरकी तासलेली असते आणि खिळ्यांची किंवा शिवणीची भोके सारख्या अंतरावर असतात. नीरमचे दगड ओळखण्याची युक्ती सोपी. इथला दगड बहुतेक काळा बेसाल्ट, त्यामुळे एकाच जागी ग्रॅनाइट, चुनखडक किंवा पोवळ्याच्या दगडांचा ढीग दिसला तर तो कुणीतरी आणलेला आहे.

दगडी नांगर दिसला तर फार मोलाची गोष्ट. अरबी समुद्रात चाललेला मध्ययुगीन प्रकार लांबट, वर निमुळता, चौकोनी खांबासारखा असतो. वरच्या टोकाशी दोरासाठी एक गोल भोक. खालच्या बाजूला दोन चौकोनी भोके, एकमेकांशी काटकोनात, लाकडी फाळ घालण्यासाठी. हा काटकोन महत्त्वाचा. जात्याचा, दाराच्या चौकटीचा किंवा गुरे बांधायचा दगड यात इथेच वेगळा पडतो. द्वारका, सोमनाथपासून विजयदुर्ग, गोव्यापर्यंत असे नांगर नोंदले गेले आहेत.

आणि जे दिसेल ते उपटू नये. या पाण्यात लाकूड पोखरणारा किडा उघडे लाकूड काही वर्षांत चाळणी करून टाकतो. गाळात गाडलेले लाकूड वाचते ते तिथे प्राणवायू नसतो म्हणून. शतकानुशतके भिजलेले लाकूड बाहेर काढून उन्हात ठेवले की आतले पाणी उडते, पेशी कोसळतात आणि फळी पिळवटून फुटते. स्वीडनचे ‘वासा’ १६२८ मध्ये बुडाले आणि १९६१ मध्ये वर काढले. त्यावर एका मेणासारख्या रसायनाचा फवारा सतरा वर्षे मारावा लागला. इतकी तयारी नसेल तर गाळ हेच सर्वांत चांगले संग्रहालय. मीटरपट्टी ठेवून तीन बाजूंनी फोटो, फोनवरून अक्षांश-रेखांश, तिथी आणि वेळ, काठावरच्या दोन पक्क्या खुणांपासूनची दिशा, इतके टिपायचे आणि तो भाग पुन्हा चिखलाने झाकायचा.

प्रतिपदा: धुळवड

कोळीवाड्यांत आज कामाचे काही विचारायला जाऊ नये. नोंदी साफ करण्यात दिवस गेला.

द्वितीया: दिवाळे, बेलापूर, ऐरोली

ओहोटी सकाळी सव्वासातच्या सुमारास, म्हणून आधी दिवाळे. होड्या चिखलावर टेकलेल्या असतात आणि एरवी पाण्याखाली असणारा तळ पूर्ण दिसतो. आता बऱ्याच होड्या फायबरच्या, पण लाकडी अजून आहेत. डागडुजीला काढलेल्या होडीचा एक सांधा जवळून पाहिला. जुना कापूस आकड्याने खरवडून काढलेला, फट कोरडी केलेली. नवा कापूस पीळ देऊन बोथट छिन्नीने ठोकत भरायचा, पण गच्च नाही, कारण पाण्यात लाकूड फुगते. फार ठासला तर फुगलेली फळी खिळे उपटते. सैल राहिला तर लाटेच्या हेलकाव्याने निघून जातो. वरून राळ आणि तेलाचा लेप. पूर्वी तळाला चुना आणि चरबी किंवा माशाचे तेल लावत, तेही किड्यासाठीच. शिडाच्या जहाजांच्या काळात पावसाळ्यात जहाजे वर ओढली जात ती केवळ वादळाच्या भीतीने नव्हे. सुकलेल्या लाकडात किडा मरतो.

गुजरातेतल्या आणि मुंबईच्या बांधणीत फळीच्या कडांना खाच आणि जीभ पाडून त्या एकमेकींत बसवत. कच्छच्या कोटिया जहाजांत या सांध्याला वाधेरा म्हणतात. जीभ खाचेला सगळीकडे टेकते का हे पाहण्यासाठी कडेला शेंदूर फासून फळ्या दाबायच्या, रंग उमटला नाही तिथे पुन्हा तासायचे. गाळातून एखाद्या फळीची कड जरी मिळाली तरी शिवण, खाच की नुसता ठोकळ सांधा यावरून ती कुठल्या परंपरेतली याचा पहिला अंदाज येतो. म्हणून तुकड्याची कड तोडू नये, घासूही नये.

बेलापूरच्या किल्ल्याचे आता थोडेच उरले आहे. तरी पनवेलच्या खाडीकडे लक्ष ठेवण्याची ही जागा होती हे तिथे उभे राहिले की पटते. मग ऐरोलीला सागरी जैवविविधता केंद्रातून भरतीच्या वेळी बोट मिळते, आधी आरक्षण करून. लोक रोहित पक्ष्यांसाठी जातात. खाडीचा प्रवाह आणि गाळाचे दांडे कुठे साचतात ते समजायलाही ही फेरी उत्तम. हा भाग अभयारण्यात येतो, चिखलात उतरायला परवानगी नाही, त्यामुळे इथली पाहणी बोटीतूनच.

काही सापडलेच तर पुढे काय? १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. विटावा, ऐरोली, वाशी, बेलापूर ठाणे जिल्ह्यात, पनवेल आणि उरणकडचा किनारा रायगडमध्ये. अर्जासोबत फोटो, अक्षांश-रेखांश आणि ओहोटीची वेळ जोडावी, आणि एक प्रत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला पाठवावी. तिथे पाण्याखालच्या उत्खननासाठी २००१ पासून स्वतंत्र शाखा आहे. पाहणीसाठी माणसे येतील तो दिवस अष्टमीच्या भांगाचा नसावा, हेही अर्जात लिहून द्यावे.